मोंढ्यातल्या धोतरांचे लंगोट

९ जुलै, बुधवार

ही वही खताच्या दुकानदाराने दिवाळीला दिली होती, कोरीच पडून होती. एकतीस वर्षं मोंढ्यात, धान्यबाजारात, सिद्रामप्पांच्या आडतीवर मी दुसऱ्याच्या वहीत एकच गोष्ट लिहीत आलो. तारीख, माल, ओलावा. तुरीचा दाणा दातानं फोडायचा, आवाज ऐकायचा आणि आकडा लिहायचा. मशीन आली तेव्हा आधी मी सांगायचो, मग मशीन सांगायची, आणि अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या वर फरक निघाला तर लोक मशीनकडे संशयानं बघायचे. निवृत्त झालो तसा लिहिण्यासारखा ओलावा काही उरला नाही.

आता लिहिण्यासारखं आहे. मंजुषा काल पहिल्या बाळंतपणाला उदगीरला माझ्याकडे आली. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. हैदराबादला जावयाकडे चांगला दवाखाना आहे, सगळे तिथंच थांब म्हणत होते. पण पोरीनं हट्ट धरला, पहिलं बाळंतपण माहेरीच. मला ती इथं हवीच होती. लिहायला लाज वाटते, पण स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहा.

व्याहीणबाईंचा देगलूरहून फोन आला. महादेवीबाई. बोलणं तोलून-मापून. म्हणाल्या, "तुमच्या घरी बाईमाणूस न्हाई, व्याही. दिवस पावसाचे हायेत. माहेरचा रिवाज मलाबी ठाऊक हाय, म्हणून गप बसले. पर लेकराला ओल बाधली तर मी कोणाचं ऐकायची न्हाई. बारशाला येते. घरात ओलीचा वास आला की माय-लेकराला तवाच घेऊन जाते."

मी म्हणालो, "सव्वा महिना माझी लेक माझ्या घरातून हलणार नाही." आवाज मोठा काढला, पण फोन ठेवल्यावर भिंतींना हात लावून ओल बघत घरभर फिरलो.

१४ जुलै, सोमवार

नातू झाला. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. दोघं सुखरूप. बाहेर मुसळधार. आज एवढंच.

१७ जुलै, गुरुवार

माय-लेक घरी आले. बाळाला न्हाऊ घालायला रुक्मिणबाई लावली आहे. आमच्या गल्लीतली निम्मी लेकरं तिच्या पायांवर न्हालेली, त्यामुळे तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. आल्या आल्या तिनं हुकूम सोडला, "अप्पा, खिडक्या लावा. बाळंतिणीच्या कानात वारं शिरलं की जल्मभर डोकं दुखतं."

माझ्या घरात बाईमाणूस नाही म्हणून कमी पडलं, असं कुणी म्हणायला नको. मंजुषाच्या खोलीच्याच नव्हे, घरातल्या सगळ्या खिडक्या लावल्या. फटींत बारदानाचे तुकडे कोंबले. मागच्या दाराखाली जुनी सतरंजी दाबली. मुंगी आत यायची म्हटली तरी तिला विचारून यावं लागेल.

लंगोट म्हणाल तर दुकानात होते त्यातले सगळ्यात भारी आणले. दोन डझन. टॉवेलसारखे जाडजूड, गुबगुबीत. दुकानदार म्हणाला, एक बांधला की तीन तास बघायला नको.

१९ जुलै, शनिवार

बघायला लागतं आहे.

पाऊस थांबायचं नाव नाही, म्हणून कपडे घरातच वाळत घालायचे. बैठकीत तीन दोऱ्या, माजघरात दोन. घरात वाकूनच फिरावं लागतं. सकाळी धुतलेला लंगोट संध्याकाळी पिळला तर पाणी निघेल अशी गत. आणि वास! आंबूस, कोंदट. पावसाळ्यात भिजलेलं पोतं महिन्यानं उघडावं तसा. हा वास मला आयुष्यभर ओळखीचा, पण तो माझ्या नातवाला येईल असं वाटलं नव्हतं.

कपाटात कापूर ठेवला. दोऱ्यांखाली अगरबत्ती लावली. आता घराला देवळात पोतं भिजल्यासारखा वास येतो.

मंजुषाचं एक नवीनच. ती म्हणते, "अप्पा, बाळंतिणीनं एकटीनं जेवू नये म्हणतात. तुम्ही ताट वाढून घ्या, तरच मी बसते." हे कुठल्या शास्त्रात आहे कोण जाणे. तिची आई गेल्यापासून मी रात्री चहा-खारीवरच भागवतो, जेवायची सवय मोडली आहे. पण ओल्या बाळंतिणीला उपाशी कसं ठेवायचं? दोन भाकरी खाव्या लागल्या.

२१ जुलै, सोमवार

बाळाच्या जांघेत लाल पुरळ आलं. रात्रभर किरकिरत होतं. रुक्मिणबाई म्हणाली, "ओले लंगोट बांधले तर काय हुईल? शेगडी पेटवा, वर डालं पालथं घाला अन् त्याच्यावर कपडे टाका. निखाऱ्यावर वव्याची चिमूट टाका. आमच्या येळंला हेच व्हतं."

केलं. वेताचं मोठं डालं कुंभारवाड्याजवळून आणलं. कपडे तासाभरात वाळले, पण घरभर असा धूर झाला की बाळ पाच-सहा वेळा शिंकलं, मग खोकलं. सगळ्या खिडक्या बंद, धूर जाणार कुठं? तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तिशीच्याही नसतील, पण मला अशा बोलल्या की शाळेची आठवण झाली. धूर अजिबात नको. पुरळ ओल्या कपड्यानं आलं. कपडा पूर्ण वाळलेला पाहिजे आणि खोलीत हवा खेळती पाहिजे.

हवा खेळती पाहिजे आणि बाळंतिणीला वारं लागू नये. दोन्ही बायका आपापल्या जागी ठाम. मधे मी.

घरी आल्यावर देवापुढं बसलो तर लिंगपूजेत लक्ष लागेना. माझ्या हातून त्या एवढ्याशा जिवाला त्रास झाला. रडूच आलं. मंजुषानं पाहिलं आणि बाळाला आणून माझ्या मांडीवर ठेवून गेली.

२३ जुलै, बुधवार

पुरळ उतरतं आहे. मलम चांगलं आहे.

एक गंमत. सकाळी तासभर भाजीला जाऊन आलो तर मंजुषाच्या खोलीतला वास अगदी कमी. माझ्या कापराचा गुण. फटीतलं बारदान मात्र खाली पडलेलं दिसलं, मीच सैल कोंबलं असावं. परत घट्ट बसवलं.

व्याहीणबाईंचा फोन. आता रोज येतो, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. चौकशी कसली, झाडाझडतीच. बाळाचं अंग कोण चोळतं? पाणी कोण तापवतं? तुमची झोप होते का? आज तर विचारलं, "तुमच्या मागच्या खोलीत खाट हाय का? का भुईवरच निजावं लागतं?" माझ्या घरातल्या खाटासुद्धा मोजायला लागल्या. व्याही वारल्यापासून त्या देगलूरच्या घरी एकट्याच असतात, त्यांना दुसरा उद्योग नाही. मी म्हणालो, "खाट आहे, गादी आहे, सगळं आहे. काही कमी नाही." त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

२५ जुलै, शुक्रवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

डोकं पिकलं म्हणून मोंढ्यात गेलो. सिद्रामप्पांच्या गोदामात गेल्या सालचं सोयाबीन अजून पडून आहे. बघतो तर दोन्ही दारं बंद. तिथं सटवाजी हमाल बिडी ओढत बसलेला, आमची पंचवीस वर्षांची ओळख. माझी जुनी सवय उफाळून आली. ओरडलोच, "दारं का लावलीस रे? माल कोंडून मारतोस का?"

तो म्हणाला, "पाऊस आत येऊन राहिला, अप्पा."

"येऊ दे की चार थेंब! पावसानं माल जात नाही, कोंडल्यानं जातो. समोरचं उघड, मागचं उघड, वारा आरपार जाऊ दे. थप्पीला थप्पी चिकटवू नको. आणि ते भिजलेलं पोतं आधी बाजूला काढ, नाही तर शेजारची दहा बाद करील."

बोललो आणि तोंड उघडंच राहिलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत आलो, आणि स्वतःच्या घराला बारदानाचं बूच मारून बसलो. अर्धवट वाळलेले लंगोट घडी करून कोरड्यांच्या ढिगात मीच ठेवत होतो. धुतलेला पिळा बाळाचं न्हाणं-माखणं होईपर्यंत बादलीत तसाच ठेवत होतो. आडतीवर कुणी असा माल आणला असता तर मी त्याला दारातूनच परत लावला असता.

सटवाजीला सगळं सांगितलं. तो हसून बेजार. मग लंगोट कसले आहेत ते विचारलं आणि माझं उत्तर ऐकून म्हणाला, "गादीवानी जाड कपडा कवा वाळायचा, अप्पा? आमच्या चारी लेकरांचे लंगोट माझ्या जुन्या धोतराचे व्हते. वरीसभर अंगावर घासून मऊ झालेलं धोतर. चहा पिऊस्तोवर वाळतंय."

"माझ्याकडे धोतर कुठलं? मी पँटवाला."

"मोंढा हाय की," तो म्हणाला.

२६ जुलै, शनिवार

सकाळी सटवाजी पिशवी घेऊन दारात. अकरा धोतरं. हमालांची, तोलाऱ्याची, एक खुद्द सिद्रामप्पांचं. सिद्रामप्पांनी निरोप दिला होता, काठ आधी काढा, लेकराला टोचतील. एवढ्या मोठ्या आडतदाराला हे ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं.

धोतरं दोनदा उकळत्या पाण्यातून काढली. मग फाडली. टर्र टर्र आवाजानं बाळ जागं झालं आणि रडायच्या ऐवजी कान देऊन ऐकत राहिलं. मोंढ्यातलंच रक्त.

मग खिडक्या. बैठकीच्या दोन्ही समोरासमोरच्या सताड उघडल्या. माझी खाट तिथून उचलून स्वयंपाकघरात टाकली. घरातली सगळ्यात वाऱ्याची जागा आता लंगोटांची. दोऱ्या एकाआड एक, दोन कपड्यांत चार बोटं अंतर, दुहेरी टाकायचं नाही. खाली पंखा. धुतलं की आधी कोरड्या पंच्यात गुंडाळून दाबायचं आणि लगेच दोरीवर. बादलीत क्षणभरही नाही.

रुक्मिणबाई दारातच थबकली. "अप्पा, येड लागलं का? बाळंतिणीच्या घरात वारं?"

मी म्हणालो, "वारं बैठकीत आहे, बाळंतीण आतल्या खोलीत. मधलं दार ओढून घेतो. डॉक्टरीणबाईचं अर्धं, तुझं अर्धं."

ती पुटपुटली, पण लंगोट हातात घेतल्यावर जरा नरमली. आतून मंजुषा म्हणाली, "अप्पा, माझ्या खोलीचीही थोडी उघडली तर?" मी म्हणालो, गप पड, कानाला रुमाल बांध.

२९ जुलै, मंगळवार

तीन तास! बाहेर संततधार आणि आत लंगोट तीन तासांत खडखडीत.

वाळलं की नाही ते कसं ओळखायचं हेही सापडलं. हाताला कळत नाही, हात खोटं बोलतो. गालाला लावायचं. गार लागलं की आत ओल आहे, परत दोरीवर. दाणा जसा दाताला कळतो तसा कपडा गालाला कळतो. मी दिवसभर गालाला लंगोट लावत फिरतो. शेजारचे संगप्पा खिडकीतून बघून गेले, काय समजायचं ते समजोत.

पुरळ गेलं. बाळ सलग चार तास झोपलं. मंजुषा म्हणाली, "अप्पा, मला हैदराबादलासुद्धा अशी झोप लागत नाही." दुपारी आम्ही तिघं एका खोलीत होतो, पाऊस चालू होता. मला फार बरं वाटलं.

एक तक्रार. माझे शर्ट आखडत चालले आहेत. पोटावरचं बटण लागेना. गरम पाण्यात कपडे टाकायचे ते लंगोटच, शर्ट टाकू नये हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

३१ जुलै, गुरुवार

काल दुपारपासून वीज नाही. पंखा बंद. पाऊस तिरपा, पश्चिमेची खिडकी निम्मी लावावी लागली. लंगोट पाच तास, साडेपाच तास. वास नाही, पण मी सारखा हुंगतो आहे, त्यामुळे आता नाकावरचाही विश्वास गेला. कोमट इस्त्री मारायची तर वीज नाही. शेवटी पुठ्ठा घेऊन तासभर वारा घातला. आडतीवर मालाला कधी वारा घातला नव्हता.

रुक्मिणबाई म्हणाली, "अप्पा, बारशाच्या दिशी तरी खिडक्या लावा. देगलूरची बाई जुन्या वळणाची. उघड्या खिडक्या बघून काय म्हणल? म्हणल, बाईमाणूस नसलेलं घर असंच असतंय."

हे मनाला लागलं. खिडक्या लावल्या तर घर रीतीचं दिसेल आणि वास येईल. उघड्या ठेवल्या तर वास येणार नाही, पण रीत मोडलेली दिसेल. दोन्हीकडून मंजुषा जाणार.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या बारसं. वीज आली. ठरत नाही.

मंजुषाला विचारलं. ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही मोंढ्यात गिऱ्हाईक बघून ओलावा सांगत होता का, माल बघून?"

३ ऑगस्ट, रविवार

खिडक्या उघड्या ठेवल्या.

जावई, पंचाक्षरी, हैदराबादहून सकाळच्या गाडीनं आले. त्यांना उद्या ड्यूटी, त्यामुळे तीनला परत निघायचं होतं. दहाच्या सुमाराला व्याहीणबाई रिक्षातून उतरल्या, हातात भलीमोठी पिशवी. मी उचलली तर खांदा लवला. म्हटलं, नारळ-फळं असतील.

चपला काढून त्या बैठकीत आल्या आणि उभ्याच राहिल्या. दोऱ्यांवर अकरा धोतरांचे लंगोट वाऱ्यावर हलत होते. समोरासमोर उघड्या खिडक्या. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. रुक्मिणबाईनं पदर तोंडाला लावला.

व्याहीणबाईंनी एक लंगोट दोरीवरून काढला. नाकाला लावला. मग दुसरा, कोपऱ्यातला, जिथं वारा कमी पोचतो. मग कपाट उघडून घड्यांच्या मधे हात घातला आणि तळातला ओढून काढला. तोही हुंगला. मला पंचाक्षरी मंत्र म्हणायचा होता, पण तोंडातून नुसतं "पंचाक्षरी, पंचाक्षरी" एवढंच निघत होतं आणि समोर पंचाक्षरी जावई उभे होते, त्यांना वाटलं मी त्यांना हाक मारतो आहे. ते "काय मामा?" म्हणाले.

व्याहीणबाई म्हणाल्या, "कोण धुतंय हे?"

"मी."

"वाळवतंय कोण?"

"मीच."

त्यांनी लंगोटाची घडी घातली, होती तशी परत ठेवली. म्हणाल्या, "माझ्या घरीबी पावसाळ्यात असं वाळत न्हाई. राहू द्या सव्वा महिना. माझं काय म्हणणं न्हाई." आणि आतल्या खोलीत गेल्या. "आमचं कूसू, आमचं लेकरू कुठाय?" म्हणत बाळाला उचललं ते पाळण्यात घालेपर्यंत खाली ठेवलं नाही.

नाव शिवांश ठेवलं. पेढे वाटले. बारशाला आलेल्या सटवाजीला मी गच्च मिठी मारली. एवढा आनंद मला तूर बारा हजारांवर गेली तेव्हा सिद्रामप्पांच्या तोंडावरही दिसला नव्हता.

तीनला जावई गेले. व्याहीणबाई म्हणाल्या, "मीबी निघते. देगलूरची गाडी बघते." बाळाला मंजुषाच्या हातात देताना त्यांनी दोनदा परत घेतलं. मी पिशवी रिक्षात ठेवली. ती तेवढीच जड होती. नमस्कार केला, रिक्षा गेली, आणि मी जिंकल्याच्या आनंदात आत येऊन चहा टाकला.

मंजुषा म्हणाली, "अप्पा, पिशवी जड होती ना?"

"होती की. जाताना पण तेवढीच. फळं काढायची विसरल्या वाटतं."

"फळं नव्हती. लुगडी होती, दहा-बारा दिवसांची. पांघरूणही होतं. मी चेन उघडी बघितली."

"म्हणजे?"

"म्हणजे राहायला आल्या होत्या. तुम्हाला एकट्याला झेपणार नाही, घरात ओल असणार, मग मी आहे म्हणतील आणि थांबतील, असं ठरवून आल्या होत्या. वास आलाच नाही. मग कोणत्या तोंडानं थांबतील?"

"मग तसं म्हणायचं ना!"

"न बोलावता व्याह्याच्या घरी कोण राहतं, अप्पा? तुम्ही तर सांगून बसलात, काही कमी नाही म्हणून."

चहा उतू गेला. गॅस बंद केला, छत्री विसरलो, आणि तसाच चौकातून रिक्षा करून स्टँडवर गेलो. सव्वाचार झाले होते. म्हटलं, गाडी गेली असणार. अंगावरचं सगळं भिजलं होतं.

त्या बाकावर बसल्या होत्या. पिशवी मांडीवर. फलाटावर पावसाचं पाणी साचलेलं, माणसं तुरळक. मला बघून त्यांनी पदर सारखा केला.

मी म्हणालो, "व्याहीणबाई, कपड्यांचं मी बघतो. पण पोराला दिवसभर मांडीवर घ्यायला घरात माणूस कमी आहे. दहा-बारा दिवस राहता का?"

त्यांनी माझ्या भिजलेल्या शर्टाकडे बघितलं. मग पिशवी माझ्या हातात दिली आणि उठल्या.

"देगलूरच्या दोन गाड्या गेल्या, व्याही," त्या म्हणाल्या. "इचारायला लई येळ लावलात."